काम संपलं की दहा मिनिटं बसा
नेतृत्व भाषणं ऐकून अंगी येत नाही, झालेल्या कामाकडे मागे वळून बघताना येतं. अमेरिकी लष्करात १९७०च्या दशकापासून सरावानंतर चार प्रश्न विचारतात: काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं? टीमसोबत हेच करा, आठवण ताजी असतानाच. सुरुवात स्वतःच्या चुकीने करा, ‘मुदत मी उशिरा कळवली’ इतकी साधी. मग गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड! सर्वांत नवख्याला आधी बोलू द्या, तुमचं मत शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात. मीही डोलावल्या आहेत. ठरलेला एक बदल लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत तोच कागद आधी उघडा.