माळढोकच्या मागचं गवत

वन्यजीव चित्रकलेकडे वळणारे बरेच जण वाघापासून सुरुवात करतात. मी माळढोकपासून केली आणि पहिलंच चित्र चुकलं. फोटो बघून नर काढला होता. काळी टोपी, पांढरी मान, छातीवरचा काळा पट्टा, सगळं जागच्या जागी. मागे मात्र हिरवीगार झाडी, कारण रानातला पक्षी म्हटला की झाडं हवीत, एवढंच डोक्यात होतं. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर गुरं राखणाऱ्या एका आजोबांना ते दाखवलं. म्हणाले, "पोरी, ह्यो झाडीत कशाला जाईल? ह्याला लांबवरचं दिसाया पायजे."

मग वर्षभर नुसतं गवत काढलं. कुसळी, पवन्या, मारवेल. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर सोनेरी, उन्हाळ्यात राखाडी. एकच पिवळा सगळीकडे फासू नका. जलरंगात आधी यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा पातळ हात, तो वाळला की बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, बुडाशी जरासा गडद तपकिरी सेपिया. कागद जाड, ३०० जीएसएमचा घ्या, पाण्याने फारसा फुगत नाही. पहाटे माळावर बसून दोन-दोन मिनिटांची रेखाटनं करा. सुरुवातीला माळटिटवी, चंडोल, काळवीट पुष्कळ झाले. आणि पक्ष्यामागे कधीही जाऊ नका. माळढोकची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, ती उठली की ते उघडं पडतं.

गवत काढताना त्याच्या कडा दिसायला लागल्या. माळाला आपण पडीक म्हणत आलो. पाणी पोचलं तिथे ऊस आला, उरलेल्या माळावर चांगल्या हेतूने झाडं लावली गेली. नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं, तरी आज तिथे माळढोक दिसणं जवळजवळ थांबलंय. मला याचं फार वाईट वाटतं. देशात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात, आणि तिथे विजेच्या तारा त्यांचा जीव घेतात. या पक्ष्याला उडताना समोरचं कमी दिसतं. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, तार जवळ आल्यावर त्याला वळता येत नाही.

म्हणून राजस्थानच्या चित्रांत मी तारा गाळत नाही. आकाशाच्या करड्यापेक्षा त्या एकच छटा गडद ठेवते, बघणाऱ्यालाही उशिरा दिसाव्यात म्हणून. यासाठी लांब केसांचा रिगर ब्रश घ्या, रंग पातळ ठेवा आणि हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरवा.