जुनी व्हॅन तापतेय? रेडिएटर बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी गरम झाली की कोकणात सल्ले ठरलेले. एक म्हणतो, "रेडिएटर बदलून टाक." दुसरा म्हणतो, "वॉल्व्ह काढून टाक, आपल्याकडे थंडी पडते कुठे?" तापमानाचा काटा नेमका कधी वर जातो, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. खरं निदान तिथूनच सुरू होतं.

जुन्या ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट गरम लागणं रोजचंच, त्यामुळे चांगला चटका बसेपर्यंत कोणी मनावर घेत नाही.

धोपाव्याला फेरीबोटीच्या रांगेत गाडी चालू ठेवून उभे आहात, काटा चढतोय आणि पलीकडे रस्त्याला लागल्यावर उतरतोय, तर संशय पंख्यावर. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. आधी फ्यूज बघा, मग पंख्याच्या स्विचचा कनेक्टर. खाऱ्या हवेनं त्याच्या पिना हिरव्या पडतात. बहुतेक जुन्या गाड्यांत चावी चालू ठेवून कनेक्टरची दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडली की पंखा फिरतो. फिरला तर मोटर ठीक, स्विच गेलाय. हात तेवढा लांब ठेवा.

सपाटीला गाडी शहाणी, पण आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट किंवा आंबोली चढताना तापते? मग पंख्याच्या मागे लागू नका, रेडिएटरची जाळी बघा. इथेच बहुतेकांची फसगत होते: "लीक नाही ना, मग रेडिएटर चांगला." किनाऱ्यावरच्या गाडीत नळ्या शाबूत राहतात आणि त्यांच्यामधल्या पातळ पत्र्या खारी हवा खाऊन टाकते. गाडी थंड असताना बोट फिरवा. पांढरी भुकटी लागली आणि पत्र्या जुन्या बिस्किटासारख्या चुरल्या, तर तो रेडिएटर पाणी धरेल, थंड करणार नाही. असा असेल तर खुशाल बदला. नुसता चिखल-पाचोळा असेल तर साध्या पाइपनं इंजिनाच्या बाजूनं बाहेर पाणी मारा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप त्याच पत्र्या चपट्या करतो.

वॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा. तो काढणं ही तर आवडती चूक. इंजिन वेळेत गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दुखणं झाकलं जातं. शंका असेल तर तो टोपात उकळत्या पाण्यात सोडा. उकळी फुटण्याआधीच उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा घाला, जागा रिकामी ठेवू नका.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतू नका. क्षार आणि गंज आत साचतात, मग पाणी तांबूस येतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावरच्या प्रमाणात घ्या. भरताना गाडीचं तोंड चढाला, रेडिएटरचं झाकण उघडं, इंजिन चालू आणि धार बारीक. बुडबुडे थांबेपर्यंत झाकण लावायचं नाही. हवा अडकली की नवं कूलंट घालूनही गाडी तापते.

हे झाकण गार इंजिनावरच उघडायचं. आतलं पाणी दाबाखाली असतं, 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण फिरवताक्षणी उसळतं. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. वाफ येत असताना काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सरपाशी पाणीच उरलेलं नसतं. गाडी तिथेच बंद करा.

पाणी कमी होतंय, पण खाली थेंब नाही? गरम इंजिनातही सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि ऑइल मोजायची काडी दुधाळ, म्हणजे हेडचं पॅकिंग गेलेलं असण्याची शक्यता दाट. मात्र पावसाळ्यात जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय धरते, ती नुसती दमट हवा. काडी स्वच्छ असेल तर एवढ्यावरून हेड उतरवू देऊ नका.