बेळगाव भागात लाव्हाचे खडक पाहताना या चुका टाळा

देसूर म्हटलं की बेळगावकराला खानापूरच्या वाटेवरचं रेल्वे स्टेशन आठवतं. आम्हा भूगर्भवाल्यांना आठवतो तो दख्खनच्या लाव्हाचा सर्वांत वरचा गट. दख्खनच्या लाव्हाच्या वरच्या भागाला वाई उपगट म्हणतात; त्यातल्या त्या थरांच्या संचाला ‘देसूर फॉर्मेशन’ असंच नाव आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा आपल्या विहिरींत आणि रस्त्याच्या कापांत उघडा पडलेला आहे. तो नीट वाचला जावा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

पहिल्याच दिवशी मुलं येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे बोट दाखवून विचारतात, ज्वालामुखीचं तोंड तेच का? तोंड शोधू नका. दख्खनचा लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला आणि चादरीसारखा पसरला. डोंगरांचे आजचे आकार पावसापाण्याच्या झिजेचे आहेत.

सगळ्यात महागात पडते ती लाल रंगाची चूक. एका विहिरीत वीतभर लाल पट्टा दिसला आणि मी वहीत ‘जांभा’ लिहून मोकळा झालो. विहीर खणणारे काका वरूनच म्हणाले, “सर, जांभा न्हवं ते. वर काळा, खाली काळा. जांभ्याच्या डोक्यावर कुठं पाषाण असतोय?” त्यांचंच खरं होतं. आपल्याकडे जांभा सगळ्यांच्या वर बसतो आणि त्याचे चिरे निघतात. हा पट्टा दोन लाव्हांच्या मधला होता. खालच्या लाव्हाचा माथा उघड्यावर कुजला, त्याची लाल माती झाली आणि तिच्यावरून पुढचा लाव्हा वाहत आला. मी दोन प्रवाह एकच धरून बसलो होतो.

म्हणून पट्टा दिसला की आधी वर-खाली बघा. खालच्या खडकाच्या माथ्याशी भोकं दाट असतात, बऱ्याचदा पांढऱ्या खनिजांनी भरलेली. वरच्या खडकाच्या तळाशी कधी उभ्या बारीक नळ्या सापडतात. त्या एका बाजूला वाकलेल्या असतील तर लाव्हा कुठं वाहिला याचा अंदाज येतो. पण एका नळीवरून दिशा ठरवू नका, वीस-पंचवीस तरी मोजा.

होकायंत्र खडकावर टेकवून रीडिंग घेऊ नका. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या खडकात, मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं, सुई भरकटते. चार पावलं मागं या, हातोडा लांब ठेवा, आणि दूरच्या देवळाच्या कळसावर नेम धरून पडताळा.

नमुना जागेवरच्या खडकाचाच घ्या. क्रशरजवळचा दगड कुठून आला हे कोण सांगणार? कांद्यासारखे पदर सुटलेले गोल धोंडे मुलं ‘लाव्हाचे गोळे’ म्हणून आणतात; ते मुळात कुजत चाललेलं बेसाल्ट. पदर काढा, आतला काळा गाभा फोडा.

आणि गोकाकला गेलात तर धबधब्याचा कडा लाव्हाच्या खात्यात टाकू नका. भिंग लावा, वाळूचे कण दिसतील. तो कलादगी नावाच्या खडकगटातला वालुकाश्म (वाळूचा खडक) आहे, या लाव्हाहून कितीतरी जुना.