ट्रेलरचा बॅटरी डिस्कनेक्ट स्विच: या चुका टाळा

नोव्हेंबरात ट्रेलर अंगणात लावला, बॅटरी बाकीच्या वायरिंगपासून तोडणारा डिस्कनेक्ट स्विच फिरवून ठेवला आणि एप्रिलमध्ये दार उघडलं तर एकही दिवा लागत नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात ट्रॅव्हल ट्रेलर घेतलेल्या आपल्या मंडळींकडून ही तक्रार दर वसंतात ऐकायला मिळते. मग नवी बॅटरी आणली जाते आणि पुढच्या वर्षी तिचीही तीच गत होते. बिचाऱ्या बॅटरीचा यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. आपला स्विच नेमकं काय तोडतो आणि काय तोडत नाही, हे कुणी तपासलेलंच नसतं.

स्विच शोधताना

मॅन्युअलमध्ये शोधत बसण्यापेक्षा बॅटरीपासून सुरुवात करा. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर, गॅसच्या टाक्यांच्या मागे, काळ्या प्लास्टिकच्या पेटीत ती असते. तिच्या धन टोकाची जाड तार धरून मागे जा. वाटेत एक छोटा सर्किट ब्रेकर लागेल आणि त्याच्या आसपास कुठेतरी स्विच सापडेल. कधी तो सांगाड्यावरच असतो, कधी पुढच्या सामानाच्या कप्प्यात आतल्या भिंतीवर, तर कधी दाराशेजारच्या पॅनेलवर. बहुतेकदा लाल गोल मूठ असते. काही ट्रेलर्समध्ये मात्र 'यूज' आणि 'स्टोअर' लिहिलेलं साधं बटण असतं. ते दाबल्यावर खरं काम आतला रिले (विजेवर हलणारा स्विच) करतो आणि 'खट्' असा आवाज येतो. बॅटरी पार उतरलेली असेल तर त्या रिलेला हलायलाही ताकद मिळत नाही. बटण कितीही दाबलं तरी काही होत नाही आणि लोकांना वाटतं की स्विच बिघडला. आधी बॅटरीला बाहेरून चार्जर लावा, मग बटण तपासा.

जुन्या ट्रेलरमध्ये असा स्विच मुळात नसूही शकतो. मग तो बसवून घ्या. पण बॅटरीच्या टोकावर लावायचे स्वस्त, उघड्या पात्याचे स्विच पावसापाण्यात लवकर गंजतात, त्यापेक्षा बंद डबीतला चांगला.

तारांचा रंग पाहून ठरवू नका. कारमध्ये काळी तार म्हणजे ऋण, ही सवय आपल्या हाताला इतकी लागलेली असते की इथे घोटाळा होतोच. ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा काळी तार धन असते आणि पांढरी ऋण. हिवाळ्यात बॅटरी काढून घरात ठेवली आणि वसंतात काळी तार ऋणाला लावली, की ठिणगी उडते आणि कन्व्हर्टरवरचे (बाहेरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारं यंत्र) उलट जोडणीसाठीचे फ्यूज जळतात. बॅटरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि धन तारेला लाल टेप गुंडाळा. काढताना ऋण आधी, लावताना ऋण शेवटी.

लेबलवर विश्वास

'बॅटरी डिस्कनेक्ट: ऑन' याचा अर्थ काय? बॅटरी चालू, की तोडणं चालू? दोन्ही अर्थांची लेबलं पाहायला मिळतात. म्हणून स्वतः खात्री करा. बाहेरच्या विजेचा प्लग काढा, ओढणाऱ्या गाडीची सात पिनांची केबल काढा, छतावर सोलर असेल तर हे काम अंधार पडल्यावर करा. आतला एक दिवा लावा आणि मूठ फिरवा. दिवा गेला ती बाजू 'तोडलेली'. लगेच टेपवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून मुठीशेजारी चिकटवा, म्हणजे घरातल्या कुणालाही कळेल.

प्लग लावलेला ठेवून ही परीक्षा घेतली तर उत्तर हमखास चुकतं, कारण तेव्हा दिवे बॅटरीवर नाही, कन्व्हर्टरवर चालतात. याच गैरसमजातून पुढची चूक होते. ट्रेलर घरच्या विजेला जोडलाय, म्हणजे बॅटरी चार्ज होत असणार असं समजून लोक स्विच तोडलेला ठेवतात. बहुतेक ट्रेलर्समध्ये कन्व्हर्टर स्विचच्या पलीकडे असतो. स्विच तोडलेला असला तर आत सगळं झगमगतं, पण बॅटरीपर्यंत काहीच पोचत नाही. चार्ज करायची असेल तर प्लग लावलेला आणि स्विच जोडलेला, दोन्ही हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवा गेला म्हणजे सगळंच तुटलं असं नाही. गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, फ्रिजचा कंट्रोल बोर्ड अशा गोष्टी गुपचूप वीज खात असतात. स्विच जोडलेला राहिला तर हे सगळं मिळून ०.४ अँपिअर सहज होतं, म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. ८० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी! आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. स्विच तोडल्यावरही यातली एखादी तार थेट बॅटरीला जोडलेली असू शकते. ऋण तार काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मल्टिमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारं मीटर) लावा, १० अँपिअरच्या खाचेत. त्या वेळी विजेवरचा जॅक किंवा स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) चालवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा जवळपास शून्य हवा. नुसते ५० मिलिअँपिअर दिसले तरी महिन्याला ३६ अँपिअर-तास गेले. तसं असेल तर हिवाळ्यात स्विचच्या भरवशावर राहू नका, ऋण तारच काढून ठेवा.

ब्रेकअवे: इथे चूक परवडत नाही

हिच (गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा) तुटून ट्रेलर गाडीपासून सुटला तर एक बारीक केबल ब्रेकअवेची पिन ओढते आणि ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक स्वतःच्या बॅटरीवर लागतात. ही जोडणी स्विचला वगळून थेट बॅटरीला असायला हवी. आधीच्या मालकाने किंवा घाईत एखाद्या मेकॅनिकने स्विच बसवताना सगळ्या तारा एकाच बोल्टवर आवळल्या असतील, तर स्विच तोडलेल्या अवस्थेत ब्रेकअवे निकामी असतो. आणि तपासल्याशिवाय ते कळायला काहीच मार्ग नसतो.

म्हणून तपासा. सपाट जागी ट्रेलर गाडीला जोडा, सात पिनांची केबल काढा, स्विच तोडा, पिन ओढा आणि गाडी अगदी हळू पुढे घ्या. ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. पिन लगेच परत बसवा, जास्त वेळ ओढून ठेवली तर बॅटरी उतरते आणि ब्रेकचे मॅग्नेट तापतात. चाकं फिरत राहिली तर स्विच जोडून पुन्हा पाहा. तेव्हा अडली तर दोष जोडणीत आहे, ती थेट बॅटरीवर करून घ्या. तोवर स्विच जोडल्याशिवाय रस्त्यावर निघूच नका. खरं तर काहीही असलं तरी ओढताना स्विच जोडलेला असावा, असं माझं ठाम मत आहे.

झोपतानाही तसंच. गॅस डिटेक्टर साधारणपणे १२ व्होल्टवर चालतो. कॅम्पग्राउंडची वीज आहे म्हणून स्विच तोडून झोपलात आणि रात्री वीज गेली, तर डिटेक्टरही बंद पडतो. मुलंबाळं आत झोपलेली असताना हा धोका कशाला?

थंडीत ठेवताना

तोडण्याआधी बॅटरी पूर्ण भरा. लेड-अ‍ॅसिड असेल तर काही तास विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसायला हवं, १२.२ म्हणजे ती निम्मी झाली. भरलेली बॅटरी मिनेसोटाच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेली शून्य सेल्सिअसखाली थोड्याच अंशांवर गोठते आणि फुटते. स्विच तोडला तरी ती आपोआप थोडी उतरतच राहते, तेव्हा महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहा. लिथियम असेल तर शून्य अंश सेल्सिअसखाली चार्जिंग नको.

स्विच जोडलाय, तरी आत अंधार

मल्टिमीटरची ऋण सुई बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा आणि धन सुई टप्प्याटप्प्यानं पुढे न्या: बॅटरीचं धन टोक, ब्रेकरचा एक बोल्ट, दुसरा बोल्ट, स्विचचा एक बोल्ट, दुसरा बोल्ट. १२ व्होल्ट जिथे गायब होतात, बिघाड तिथेच. पुष्कळदा नट सैल झालेला असतो किंवा हिरवट-पांढरा क्षार साचलेला असतो. सगळीकडे १२ व्होल्ट असूनही आत काही चालत नसेल तर पांढरी तार सांगाड्याला जिथे बोल्टने जोडली आहे ती जागा बघा. रस्त्यावरचं मीठ आणि चिखल तिथे साचून गंज चढतो. बॅटरीची ऋण तार काढा, तो बोल्ट खोला, चकचकीत धातू दिसेपर्यंत तारेच्या ब्रशने घासा आणि पुन्हा घट्ट आवळा.