म्यानात अडकलेली घोडदळाची तलवार कशी सोडवली

माझ्याकडे ब्रिटिश लाइट कॅव्हलरी ऑफिसरची १८२१ पॅटर्नची, म्हणजे त्या साली ठरलेल्या नमुन्याची तलवार आहे, मुठीभोवती हात वाचवायला तीन पोलादी दांड्या असलेली, आणि ती आली तेव्हा म्यानातून हलतच नव्हती. ओढाताण केली असती तर मूठच ढिली झाली असती, म्हणून म्यानाच्या तोंडातून पातळ तेल थोडं थोडं सोडलं, उलटसुलट करत दोन दिवस ठेवलं, तिसऱ्या दिवशी हळूच सुटली. हुश्श! पात्यावर लाल गंज होता. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, कारण या पात्यांवरची नक्षी अ‍ॅसिडने कोरलेली असते, अगदी उथळ, एकदा घासली की गेलीच. मी सगळ्यात बारीक, चार शून्यवाली (0000) स्टील वूल, म्हणजे पोलादाच्या बारीक तारांचा लोकरीसारखा पुंजका, तेलात बुडवून पात्यावर हळूच घासली, कंटाळा येईपर्यंत. काळे डाग राहिले, राहू दिले, आरशासारखं चकाचक पातं मला तरी खोटंच वाटतं. मुठीवरची माशाची कातडी जरा आक्रसलीय, तिला तेल लागू दिलं नाही, नुसता मऊ ब्रश. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या मेणाचा, पातळ हात. आता म्यान वेगळं ठेवतो, आतल्या लाकडी पट्ट्या ओल धरतात ना.