सकाळी पिकअप उठत नाही? आधी एअर बघा

जुनी डिझेल पिकअप रात्रभर उभी राहिली की सकाळी नुसती घरघरते आणि एकदा सुरू झाली की दिवसभर ठणठणीत चालते, तर अनेकदा लाइनने एअर धरलेली असते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलेली असते. लगेच इंजिनाला डिझेल देणारा पंप खोलायला देऊ नका, फार खर्चिक काम आहे ते. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा. बुडबुडे दिसले की चोर सापडला. ओढणाऱ्या बाजूला, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत, डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली थेंबही दिसत नाही. कडक झालेला पाइप, क्लिप, बोल्टाचे वॉशर बदला. मग ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून हँडपंप (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारा, फेस थांबून सलग धार आली की आवळा.