दीर्घ कोविडमुळे काम थांबलेल्या आरोग्यसेवकांनी आर्थिक हक्क कसे राखावेत

भरपगारी रजा संपण्याची वाट न पाहता, संसर्ग कामाच्या ठिकाणी झाल्याची नोंद आस्थापनेकडून आधी लेखी घ्यावी, कारण ड्युटीचे तक्ते आणि चाचणीचे अहवाल नंतर मिळवणे फार अवघड जाते.

वैद्यकीय प्रमाणपत्रात नुसता ‘थकवा’ लिहून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येनुसार दीर्घ कोविडची, म्हणजे कोविडच्या संसर्गानंतर रेंगाळणाऱ्या आजाराची, लक्षणे किमान २ महिने टिकतात; ती कधीपासून आहेत आणि त्यांमुळे रुग्णाला उचलणे, रात्रपाळी करणे किंवा औषधांची मात्रा अचूक मोजणे यांपैकी काय जमत नाही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. इतरांची सेवा करताना आजारी पडलेल्या माणसाला ही धावपळ करावी लागणे अन्यायकारकच आहे.

समूह विमा आणि अपंगत्व लाभ नोकरीशी जोडलेले असू शकतात; त्यांच्या अटी तपासल्याशिवाय राजीनामा देऊ नये. कर्जाचा हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेकडे मुदतवाढ मागावी.